तिसगावची अंडी

जगात अंडी दोनच प्रकारची असतात. एक गावरान, आणि दुसरी ती, जी बाकीचे लोक खातात. गावरान अंड्यात माती असते, ऊन असतं, कोंबडीचं मोकळं फिरणं असतं. ज्याने लहानपणी असं अंडं खाल्लं आहे त्याची जीभ मरेपर्यंत फसत नाही.

हे तत्त्व सुनील भवार याचं. तो राहुरीला एका ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि गेली दोन वर्षं दर रविवारी दुकानातली अंडी खातो. फक्त त्याला ते माहीत नाही.

दुकानातली अंडी त्याला त्याची आईच पाठवत होती.

झुंबरबाई तिसगावला एकटी राहायची. घर, पुढे ओटा, मागे परसात शेवग्याचं झाड आणि झाडाखाली खुराडं. खुराड्यात कोंबड्या होत्या तोवर सगळं सरळ होतं. आठवडाभराची अंडी ती बाजरीच्या डब्यात पुरून ठेवायची. अजिनाथ नावाचा टेम्पोवाला रविवारी पहाटे भाजी घेऊन राहुरीकडे जायचा, तो डबा पोचवायचा. नऊच्या सुमाराला सुनीलचा फोन यायचा.

"आई, डबा पोचला."

"फुटलं का एखादं?"

"नाही."

"बरं. रेश्मा बरी हाय?"

"बरी आहे. ठेवतो."

एवढाच फोन. सुनील वाईट मुलगा नव्हता. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याने नगरला नेऊन करून घेतलं, गोळ्या वेळेवर पाठवल्या, घरावर नवे पत्रे टाकून दिले. आईशी काय बोलावं हे मात्र त्याला सुचायचं नाही. अंडी होती म्हणून निदान सुरुवात तरी करता यायची. त्यातही झुंबरबाईच्या लक्षात आलं होतं की एखादं अंडं फुटलेलं असलं की बोलणं लांबतं: कसं फुटलं, अजिनाथ गाडी कशी चालवतो, बाजरी कमी पडली का. तेव्हापासून ती डबा बंद करण्याआधी वरच्या एका अंड्याला बोटाच्या पेराने हलकीशी टिचकी मारायची.

मग एका पावसाळ्यात मानमोडी आली. कोंबड्या मान वाकडी करून गोल गोल फिरायला लागल्या आणि आठवड्याच्या आत खुराडं रिकामं झालं. त्या रविवारी डबा गेला नाही, म्हणून फोन आला नाही. यात सुनीलचं काही चुकलं नव्हतं. अंडी पोचलीच नव्हती, तर काय पोचलं म्हणून सांगणार?

कोंबड्या मेल्याचं तिने कळवलं असतं तर सुनीलला वाईट वाटलं असतं. त्याने एकदा फोन केला असता, आणि तो विषय संपला असता. विषय संपणं झुंबरबाईला चालणारं नव्हतं. पुढच्या आठवड्यात ती कमरुद्दीनच्या दुकानात गेली.

"अंडी दे. बारकी बारकी निवडून."

"मावशी, सगळी गिऱ्हाईकं मोठी मागत्यात. तुमीच बारकी मागता."

"माजं तोंड बारकं हाय."

अंडी पांढरीशुभ्र होती. बाजारात गावरान म्हणून जी मिळतात ती चहात बुडवलेली असतात हे सगळ्या तिसगावला ठाऊक होतं. तेव्हा झुंबरबाईने विचार केला की बुडवायचीच आहेत तर आपल्या घरच्या चहात का नकोत. निदान पातेलं तरी स्वच्छ. चहाच्या चोथ्याचं पाणी गार करून तिने त्यात अंडी ठेवली, सकाळी काढून पदराने टिपली, वर थोडी चुलीजवळची राख लावली. रविवारी नऊला फोन आला.

"आई, डबा पोचला. मागच्या आठवड्यात आला नव्हता."

"कोंबड्या रुसल्या हुत्या."

"या वेळची अंडी काय सुंदर आहेत गं. रंग बघून कळतं."

अशी दोन वर्षं गेली. इकडे राहुरीच्या कॉलनीत भवार सरांची अंड्यांतला जाणकार म्हणून ख्याती झाली. कुणी चहाला आलं की सर आईच्या डब्यातलं एक अंडं पाहुण्याच्या नाकाशी धरायचे. "बाजारात चहात बुडवून विकतात. मी नाकाने ओळखतो. हे हुंगून बघा, येतो का चहाचा वास?" पाहुण्यांना वास यायचा. पण त्यांच्या दुसऱ्या हातात चहाचा कप असायचा, म्हणून ते काही बोलायचे नाहीत.

हे असंच चालू राहिलं असतं. पण उन्हाळ्याच्या आधी एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी सरांना एक कोंबडी आणून दिली. कोंबडी खुडूक झाली होती. म्हणजे अंडी देणं बंद करून पिसं फुलवून एका जागी बसायची आणि जवळ जाणाऱ्यावर गुरगुरायची. अंडी देत नाही, सर, कापून खा, असं सांगून ते गृहस्थ गेले. कापणं सुनीलच्याने होईना. त्याने मोबाईलवर वाचलं की खुडूक कोंबडीला अंडी उबवायची हौस असते, तिच्याखाली कुठलीही अंडी ठेवली तरी ती बसते. त्याच रविवारी डबा आला.

"आई, डबा पोचला."

"फुटलं का एखादं?"

"एक फुटलं. पण आई, या वेळची आम्ही खाणार नाही."

"का रं? वास मारतोय?"

"वास कसला? बसवली. कोंबडीखाली. डालग्यात भुसा घातला, वर अंडी, वर कोंबडी. एकदम मस्त बसलीय. म्हटलं, तुझ्याच कोंबड्यांचा वंश इथं सुरू करू. एकदा इथं अंडी सुरू झाली की तुला दर आठवड्याला हा त्रास नको."

"मला कसला तरास," झुंबरबाई म्हणाली. पण सुनीलने तोवर फोन ठेवला होता.

भिंतीपलीकडे इमामबीचं घर. चाळीस वर्षांचा शेजार. चहाच्या पातेल्याची गोष्ट तिला पहिल्या दिवसापासून माहीत होती. ती तांदूळ निवडत बसली होती.

"काय गं, तोंड असं का उतारलंय?"

"सुन्यानं अंडी बसवली."

"कुठली?"

"कमरूच्या दुकानातली."

इमामबीने ताट खाली ठेवलं. आधी ती हसली नाही. मग तिने पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले.

"एकवीस दिसांनी काय निघंल गं त्यातनं?"

"गप."

"चहापत्तीची पुडी निघंल."

"गप म्हनते ना. मला घाम फुटलाय आन् ही दात काढती."

घाम फुटण्यासारखंच होतं. पोल्ट्रीतल्या कोंबडीने जन्मात कोंबडा बघितलेला नसतो. तिच्या अंड्यावर खुडूक कोंबडी वर्षभर बसली तरी बसण्यापलीकडे काही होत नाही. जी अंडी मुलाला आणि सबंध कॉलनीला फसवून गेली होती, ती कोंबडीलाही फसवत होती. पण ही फसवणूक तीन आठवडेच टिकणार होती.

"सांगून टाक त्याला खरं," इमामबी म्हणाली. "पोटचा पोरगा हाय. खाऊन टाकतोय व्हय?"

"खाऊन टाकलं तर बरं. त्यो गप बसंल. त्याचं गप बसनं तुला म्हाईत न्हाई. त्याचा बापबी असाच हुता. एकदा गप बसला तर पोळ्यापासून दिवाळीपत्तुर बसला."

इमामबीला ते आठवत होतं. ती उठली आणि परसात गेली. तिच्याकडे कोंबड्या होत्या आणि त्यांच्यात एक कोंबडाही होता, तांबडा, भांडखोर. अंडी मात्र तिच्या घरच्यांनाच पुरायची नाहीत. "चार दिवस दम काढ," ती म्हणाली. "सुनांना सांगते, कोंबड्या रुसल्यात म्हनून. तूच शिकवलंस."

गुरुवारपर्यंत टोपलीत अंडी जमली. इमामबी सात मोजून देणार, तेवढ्यात तिचा हात थांबला.

"झुंबर, एक इचारू? ही निघाली तर पिलं व्हतील. पिलं मोठी झाली की अंडी देतील. मंग तुजा डबा कोन घेईल गं?"

न फुटली तर खोटं उघडं पडणार, आणि फुटली तर रविवार जाणार. झुंबरबाईने टोपलीत हात घातला, एक अंडं उचलून उजेडाकडे धरलं, बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं.

"टोकाची टोकाची दे," ती म्हणाली.

टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो आणि गोलसर अंड्यातून कोंबडी, हे त्या भागातल्या बायकांना लहानपणापासून माहीत असतं. इमामबीने मान हलवली. दोघींनी मिळून सात निवडली. सातही अशी टोकदार, की ओट्यावर ठेवली असती तर फिरत बसली असती.

शुक्रवारी झुंबरबाई एसटीने निघाली. डब्यात बाजरी, बाजरीत कापूस, कापसात अंडी, आणि डबा मांडीवर पदराखाली. नगरपर्यंत ठीक गेलं. तिथून राहुरीकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम चालू होतं. ते चालूच असतं. गाडी खड्ड्यात गेली की झुंबरबाई सीटवरून अर्धी उठून डबा हातावर अधांतरी धरायची. शेजारची बाई म्हणाली, "आजी, काय हाय त्यात, देव?"

"देवच म्हना," झुंबरबाई म्हणाली.

न सांगता आलेल्या आईला दारात बघून सुनील घाबरला. "आई, तू? काय झालं?"

"काय न्हाई. कोंबडी बघाया आले."

हे अगदी खरं होतं. पण सुनीलला ते खोटं वाटलं. आईला आपली आठवण आली असणार असं समजून तो हळवा झाला, आणि हळवा झाल्यामुळे काही न बोलता तिची पिशवी घेऊन आत गेला.

प्रवासातून आलेली अंडी लगेच कोंबडीखाली घालत नाहीत, त्यांना एक दिवस गप ठेवावं लागतं. म्हणून झुंबरबाईने डबा रात्रभर उशाशी ठेवला. शनिवारी सुनील कॉलेजात गेला. दुपारी कोंबडी दाणे टिपायला डालग्यातून उतरली, तशी झुंबरबाई मागच्या अंगणात गेली. जुनी अंडी पदरात काढली, नवी घालत होती.

"आई, काय करताय?"

दारात रेश्मा उभी होती, सुनीलची बायको. बोलायला मऊ, पण नजर बारीक.

"अंडी फिरवत्ये. उलटीपालटी करावी लागत्यात."

"पदरात घेऊन?"

रेश्मा जवळ येऊन उकिडवी बसली. सासूच्या पदरातलं एक अंडं तिने हातात घेतलं, अंगठ्याला थुंकी लावून त्यावर घासलं. अंगठा तांबूस झाला आणि अंड्यावर पांढरा ठिपका पडला. तिने ते सासूपुढे धरलं नाही, परत पदरात ठेवून दिलं.

"तुमचा रंग पक्का नाही धरत," ती म्हणाली. "व्हिनेगर घालत जा थोडं."

झुंबरबाई पदर सावरून खाली टेकली.

"पहिल्यांदा मी अंडी धुवायला घेतली. पाणी चहासारखं झालं. मला वाटलं, तुमच्याकडचं पाणी असेल. अंडी बघितली तर पांढरी. तेवढ्यात यांची गाडी वाजली. मग काय करणार, चहाचं आधण टाकलं, परत बुडवली."

"मंग त्याला का सांगितलं न्हाईस?"

रेश्माने कोंबडीकडे बघितलं. ती पातेल्यातलं पाणी पीत होती. "आमची सृष्टी पुण्याला शिकायला गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. हे आठवडाभर कॉलेजात बोलतात आणि घरी येऊन बोलून दमलेले असतात. रविवारी तुमच्याशी बोलले की दुपारपर्यंत जरा माणसात असतात. कुठल्या कोंबडीने काय केलं असेल ते मला सांगत बसतात. मेल्यात त्या, होय ना?"

"मानमोडीनं गेल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"अगं बाई," रेश्मा म्हणाली. "ती काळी, पिसाळलेली? तिची तर हे दर आठवड्याला चौकशी करतात."

"तीच पयली गेली."

दोघींनी जुनी अंडी कढीपत्त्याच्या बुडाशी पुरली. कोंबडी परत आली, नव्या अंड्यांकडे एकदा तिरक्या मानेने बघितलं आणि पहिल्याइतक्याच निष्ठेने त्यांच्यावर बसली.

संध्याकाळी सुनीलने डालग्यात वाकून बघितलं. "अंड्यांचा रंग फिका झाल्यासारखा वाटतो."

"ऊब लागली की फिका व्हतो," झुंबरबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ही माहिती शास्त्रीय कारणासह सगळ्या कॉलनीला मिळाली.

झुंबरबाईचा बेत एक दिवस राहून परत जायचा होता. पण सुनीलने टॉर्च आणला. सात दिवस झाले की अंधारात अंड्यामागे टॉर्च धरायचा, आत शिरा दिसतात, असं त्याने वाचलं होतं. त्याच्या हिशेबाने सात दिवस झाले होते. अंड्यांच्या हिशेबाने नुकतीच सुरुवात होती, आणि आत काहीही दिसलं नसतं. झुंबरबाई डालग्यापुढे जाऊन बसली.

"दिवा लावू नको."

"आई, त्याने काही होत नाही. सगळे करतात."

"तू माज्या पोटात हुतास तवा कुनी दिवा लावला हुता का?"

सुनीलने टॉर्च कपाटात ठेवला. पण टॉर्च परत बाहेर निघणार हे झुंबरबाईने ओळखलं आणि ती राहिली. रोज सकाळी ती डालग्याशेजारी पोतं टाकून बसायची. रेश्मा तिथेच भाजी निवडायला यायची. दोघी कोंबडीबद्दल बोलायच्या आणि कोंबडीबद्दल बोलून झालं की रेश्माच्या माहेराबद्दल, सृष्टीच्या हट्टांबद्दल, इमामबीच्या सुनांबद्दल. सुनील कॉलेजातून आला की खुर्ची घेऊन जवळ बसायचा आणि विचारायचा, "उठली होती का आज?" झुंबरबाई म्हणायची, "उठली, खाल्लं, बसली." मग तो चहा प्यायचा. बोलणं रविवारच्या फोनएवढंच, पण रोज.

रविवारी नऊला त्याने सवयीने मोबाईल काढला, आईचा नंबर लावला, आणि आतल्या खोलीतून रिंग ऐकू आली. तो मोबाईल घेऊन मागच्या अंगणात गेला.

"आज डबा नाही," तो म्हणाला.

"मी हाय की."

"हो." त्याने मोबाईल खिशात ठेवला. "बरी आहेस ना?"

"बरी हाय."

"बरं," असं म्हणून तो आत गेला. फोनवर त्याने हे कधी विचारलं नव्हतं. रेश्माची चौकशी व्हायची, अंड्यांची व्हायची, तेवढ्यात फोन संपायचा.

एकवीस दिवस भरले त्या दिवशी कॉलनीतले दोन प्राध्यापक सहकुटुंब आले. सरांनी त्यांना पिलं बघायला बोलावलं होतं. पिलं नव्हती. पाहुणे चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशीही काही नाही. तिसऱ्या दिवशी सुनील घमेलं घेऊन डालग्याकडे आला.

"आई, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या असतील. खायला चांगली असतात अंडी, पण जीव नसतो राहिलेला. सडायच्या आत टाकून देऊ."

"हात लावू नको."

"शास्त्र आहे त्याला. एकवीस म्हणजे एकवीस."

"शास्त्र मला नको सांगू. पाथर्डीच्या डाक्टरनं तुजी तारीख सांगितली हुती. त्या तारखंला तुजा बाप बैलगाडी जुपून बसला. दहा दिस बैलं जुपत हुता आन् सोडत हुता. तवा आलास तू. टाकून दिलं का आमी?"

रेश्मा तोंड फिरवून कढीपत्ता तोडायला लागली. सुनील घमेलं घेऊन परत गेला.

शनिवारी सकाळी डालग्यातून बारीक आवाज आला. सुनील दाढी अर्धी टाकून पळत आला आणि फेसासकट उकिडवा बसला. कोंबडीच्या पंखाखालून एका अंड्याला तडा गेलेला दिसत होता आणि तड्यातून एक टोक आतबाहेर होत होतं. त्याने हात पुढे केला.

"राहू दे," झुंबरबाई म्हणाली. "त्याचं त्याला फोडू दे."

तो तसाच बसून राहिला. गालावरचा फेस वाळला.

"तू माझ्या बाजेखाली बसवायचीस," तो म्हणाला. "मला वरून आवाज यायचा. चोच घासल्याचा."

"तू झोपायचा न्हाईस मंग. सारखा खाली वाकायचास. पडलास एकदा."

"कोंबडीवर."

"तिनं टोचलं व्हतं कपाळावर."

सुनीलने कपाळ चाचपलं. तिथे आता काही नव्हतं. त्या दिवशी तो कॉलेजात गेला नाही, आणि संध्याकाळपर्यंत मायलेक डालग्यापाशी बसून होते. मध्येच काही बोलायचे, बरंचसं कोंबड्यांबद्दल. सातांतली चार फुटली.

दोन दिवसांनी झुंबरबाई तिसगावला परत गेली. चार कोंबडे झाले असणार अशी तिची खात्री होती. पुढच्या रविवारी कमरुद्दीनची अंडी नेहमीसारखी निघाली, या वेळी थोडं व्हिनेगर घालून, आणि नऊला फोन आला.

पिलं दोन-अडीच महिन्यांची झाली, तुरे दिसायला लागले, तेव्हा रेश्माचा फोन आला. आवाज दबका होता. "आई, एकच कोंबडा आहे. बाकी तीन तलंगा आहेत."

तलंग म्हणजे कोवळी कोंबडी, अजून अंड्यावर न आलेली. झुंबरबाईने भिंतीपलीकडे हाक मारली.

"इमाम, टोकाची हुती ना गं सगळी?"

"टोकाचीच हुती."

"तीन कोंबड्या निघाल्या."

इमामबीने यावर विचार केला. "माज्या आईनं सांगितलं हुतं," ती म्हणाली. "तिचं ऐकून आमच्यात सात पोरी झाल्या."

तिथून पुढे झुंबरबाई प्रत्येक रविवारच्या फोनला ऐकायची ती एवढंच, की तलंगा अंड्यावर आल्या का. सुनील उत्साहाने सांगायचा की अजून नाही, पण तुरे लाल झालेत, चाल बदललीय. ती म्हणायची, बरं. दिवाळी जवळ आली.

एका बुधवारी सकाळी मोबाईल वाजला. बुधवारचा फोन म्हणजे कुणीतरी गेलं असं समजून झुंबरबाईने तो उभ्यानेच घेतला.

"आई, पहिलं अंडं आलं."

"आलं?" ती ओट्यावर बसली. "बरं झालं."

"काल आलं. आज सकाळी उकडून खाल्लं."

"कसं हाय?"

पुढचं वाक्य काय असणार ते झुंबरबाईला माहीत होतं. आता त्रास घेऊ नकोस, डबा बंद कर, असं तो म्हणणार, आणि तेही प्रेमाने म्हणणार. आपण बरं म्हणायचं, असं तिने ठरवून ठेवलं होतं.

"वाईट नाही," सुनील म्हणाला. "म्हणजे, अंडंच आहे. पण तुझ्या अंड्याची चव नाही गं त्याला."

झुंबरबाईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रेश्मा म्हणते, सारखंच आहे. तिला काय कळतंय. मी डोळे मिटून खाल्लं ना, लगेच कळलं. इथलं पाणी, इथली हवा, कोंबडी तरी काय करणार. त्या तिसगावच्या मातीतच काहीतरी आहे. तू डबा बंद करू नकोस हं."

"न्हाई करत."

"ही आम्ही शेजाऱ्यांना वाटून टाकू. त्यांना चालतात कुठलीही." झुंबरबाईला वाटलं, आता ठेवतो म्हणेल. "तुझे गुडघे कसे आहेत?" तो म्हणाला.

ते बोलणं बराच वेळ चाललं. गुडघे झाले, पत्र्यावरचा पालापाचोळा झाला, सृष्टी दिवाळीला येणार आहे ते झालं. ओट्यावर ऊन आलं तरी झुंबरबाई उठली नाही. फोन ठेवल्यावर तिने पायात चपला घातल्या आणि कमरुद्दीनच्या दुकानाकडे निघाली, कारण दिवाळी होती आणि या आठवड्यात थोडी जास्त पाठवावीत असं तिच्या मनात होतं.

कमरुद्दीनकडचा माल राहुरीच्या एका पोल्ट्रीतून येतो. सुनीलच्या गच्चीवरून त्या पोल्ट्रीचे पत्रे दिसतात.